बटणांचं पुनर्वसन

हवालदार लालासाहेब उत्तेकरांचा कॉम्प्युटर मी बिघडवला, आणि तोही त्यांच्याच घरचा चहा पिता पिता.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. शाळेला सुट्टी होती, आणि रिकामा शिक्षक गावाला मोकाट वळूपेक्षा महाग पडतो. साताऱ्याला दोन महिन्यांचा कोर्स करून मी प्रमाणपत्र काचेत मढवून घेतलं होतं. त्यामुळे अख्ख्या कडेगावात कॉम्प्युटर कळणारा एकच माणूस आहे असं एका माणसाचं ठाम मत होतं, आणि तो माणूसही मीच होतो. लग्नाच्या कॅसेटी ज्याच्यावर कापतात-जोडतात त्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन मी पुण्याहून एका मित्राकडून आणलं होतं. उत्तेकर वायरचं भेंडोळं आणायला चौकात गेलेले. त्यांची बायको आक्काताई माझ्या हातात कप देऊन आत गेलेल्या. मी सीडी सरकवली. मशीननं इंग्रजीत एकामागून एक तीन प्रश्न विचारले. इंग्रजीतल्या प्रश्नाला 'नाही' म्हणायची आमच्या पिढीची छाती नाही. मी तिन्ही वेळा 'येस' दाबलं.

कप रिकामा होईपर्यंत जुनं व्हर्जन पुसलं गेलं होतं, नवं येऊन बसलं होतं, आणि उत्तेकरांनी चार दिवस खपून अर्ध्यावर आणलेलं एक लग्न त्या नव्या व्हर्जननं आपल्या पद्धतीनं बांधून ठेवलं होतं. आता ते जुन्यात परत जाणार नव्हतं. तिसऱ्या प्रश्नात तेच विचारलेलं होतं, हे मला घरी डिक्शनरी घेऊन बसल्यावर कळलं.

उत्तेकर आले, खुर्चीत बसले आणि पडद्याकडे न बघताच माऊस उजवीकडे वर नेऊन त्यांनी कात्रीचं बटण दाबलं. कात्रीच्या जागी अक्षरांचा पिटारा उघडला. त्यांनी पुन्हा दाबलं. पिटारा मिटला. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि पडद्याकडून सावकाश माझ्याकडे.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी चहाच पीत हुतासा न्हवं?"

उत्तेकर पडद्याकडे न बघता काम करायचे यात नवल नव्हतं. वीस वर्षं त्यांनी लष्कराच्या सिग्नल्समध्ये काढली होती. तिथं डोळ्यांवर पट्टी बांधून वायरलेस सेट खोलायचा आणि पुन्हा जोडायचा अशी परीक्षा असते म्हणे. निवृत्तीनंतर त्यांनी कडेगावात 'जय जवान व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग' असा बोर्ड लावला. आधी दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर होता, मग शहाण्णव साली कॉम्प्युटर आला. त्या कॉम्प्युटरवरची बटणं त्यांनी आठ महिने रायफलीसारखी पाठ केली. कात्री कुठं, गोंद कुठं, आवाजाची ओळ कुठं, सगळं बोटांत भिनवलं. त्यानंतर त्यांचे डोळे पाहुणे न्याहाळायला मोकळे झाले, आणि पाहुण्यांविषयी त्यांचं मत आधीच काही बरं नव्हतं.

खरं तर कशाविषयीच त्यांचं मत बरं नव्हतं. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. उत्तेकरांना तसं म्हटलं की ते म्हणायचे, "मी हवालदार. मेजर आसतो तर तुमच्या लग्नात उन्हात उभा ऱ्हायलो आसतो व्हय?" तरी गावानं मेजर सोडलं नाही आणि त्यांनी दुरुस्ती सोडली नाही. त्यांची तुच्छता नाकातून यायची. एक छोटा 'हं' नवरदेवाच्या गॉगलला, एक मध्यम 'हं' कॅमेऱ्याकडे बघून घास अडवून धरणाऱ्या पाहुण्याला, आणि एक लांबलचक, शेवटाला शिट्टीसारखा बारीक होत जाणारा 'हं' शिकलेल्या माणसाला. तो तिसरा माझ्यासाठी राखीव होता.

त्या दिवशी मात्र त्यांनी तो नव्या व्हर्जनवर खर्च केला.

"बटनांवरची नावं पुसून चित्रं काढल्याती. बालवाडी हाय का ही? ही काय, बोट? हा काय, वस्तारा? आन हे वाकडं काय हाय?"

"बाण असावा," मी म्हणालो.

"बाण. हं. चुलीच्या जागंला मोरी, मोरीच्या जागंला द्याव्हारा, आन म्हणं नवं घर. मास्तर, ज्यानं ह्ये बदललंय ना, त्यानं जल्मात एकबी लगीन कापलेलं न्हाई. मी लिहून देतो."

"मी जुनं पुन्हा घालून देतो ना," मी म्हणालो.

"कुठलं? जुन्याची सीडी कुठाय?"

ती सीडी मीच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नेली होती आणि तिचा 'प्रकाशाचे परावर्तन' असा देखावा करून भिंतीवर चिकटवली होती. डिंकासकट ती आता कामाची राहिली नव्हती. आता हे लग्न नव्याच घरात लावायचं होतं, तेही गुरुवारच्या आत.

ते लग्न साधं असतं तर चाललं असतं. पण ते होतं धुळा हुबालेचं. धुळा पठाणकोटला फौजेत होता. शुक्रवारी त्याची मिरजेहून गाडी होती. त्याचे वडील दादासो आणि चुलते आप्पासो यांच्यात बांधावरच्या एका बाभळीपायी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बाभूळ वठून पडली, जळणाला गेली, तिची राखसुद्धा राहिली नाही, पण भांडण हिरवंगार होतं. चुलत्याला बोलावल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही असं धुळानं सांगितलं, तेव्हा दादासो स्वतः आप्पासोच्या दारात गेले आणि पत्रिका उंबऱ्यावर ठेवून आले. आप्पासो आले. मानकऱ्यांत त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि दादासोंनी भर मांडवात भावाला टॉवेल-टोपी दिली.

आमच्याकडे टॉवेल-टोपीवर सोयरिकी तगतात आणि मोडतात. कुणाचं नाव कुणाच्या मागं पुकारलं, टोपी डोक्यावर घातली की नुसती हातात दिली, हे लोक नातवंडांपर्यंत ध्यानात ठेवतात. आप्पासो टोपी घेऊन घरी गेले आणि धुळाला म्हणाले, "मांडवात काय रं, गडबडीत कोन कुनाला बी टोपी घालतंय. कॅशेटीत माझं नाव ऐकू येऊ दे, आन नावावर माझं डोस्कं दिसू दे. मग बगू."

गुरुवारी चार वाजता आप्पासोच्या घरी टीव्हीपुढं दोन्ही भाऊ बसणार असं ठरलं. जायच्या आधी ते दोघं एका घोंगडीवर बसलेले धुळाला बघायचे होते. बाकी लग्नात त्याला काही गोडी राहिली नव्हती. बायकोसुद्धा त्याला म्हणाली होती, "तुमी चुलत्याशी लगीन लावलंय का माज्याशी?"

तर उत्तेकर नाक फुरफुरवत कामाला लागले. त्यांची रीत इथं सांगायला हवी. कॅमेऱ्यातला आवाज ते कधीच वापरत नसत. त्यात नुसत्या जवळ बसलेल्या बायकांच्या गप्पा येतात म्हणे, आणि त्या नंतर कुणालाच परवडत नाहीत. ते कर्ण्यावाल्याच्या मशीनमधून थेट वायर काढून सगळी पुकार वेगळ्या टेपवर घ्यायचे, आणि मग कॉम्प्युटरवर चित्राची ओळ वर, आवाजाची ओळ खाली ठेवून दोन्ही ओठाला ओठ जुळवायचे. एकाही मानकऱ्याची टोपी आजवर दुसऱ्याच्या नावावर गेली नव्हती. त्याला आक्काताईंची वहीही कारण होती. त्या प्रत्येक लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून, पुकारलेल्या नावांची क्रमानं यादी लिहायच्या.

बुधवारी सकाळी उत्तेकर टॉवेल-टोपीपर्यंत पोहोचले. सरपंच झाले, पोलीसपाटील झाले. पुढं नवरीच्या मामाची पाळी, पण तेवढ्यात टोप्यांचं गाठोडं कुणीतरी उचलून नेलं होतं. कर्ण्यावाला ओरडत होता, "टोप्या कुटं हायती? टोप्या घिऊन या!" आणि त्या सगळ्या वेळात कॅमेऱ्यासमोर एक पाठ उभी होती. बदामी सफारीची, घामानं महाराष्ट्राच्या नकाशासारखी भिजलेली, हातात बुंदीचा लाडू धरलेली पाठ.

ती माझी होती.

"हं," उत्तेकर म्हणाले, आणि त्यांनी पाठ कापून टाकली. जुन्या व्हर्जनमध्ये असा तुकडा पुसला की तिथं भोक पडायचं. त्या भोकात ते नवरीचं हसू माप घेऊन बसवायचे आणि पुढं जायचे. पण त्यांनी पाठ पुसली आणि त्याच क्षणी लाईट गेली. रोजचीच गोष्ट. कॉम्प्युटरखाली ठेवलेल्या बॅटरीवर घाईघाईनं सगळं जतन करून ते उठले. जेवण झालं, वामकुक्षी झाली, लाईट आली. त्यांनी भोक शोधलं. भोक कुठंच नव्हतं, ओळ सलग होती. भोक आपण आधीच भरलं असणार, असं त्यांना वाटलं. पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा स्वतःच्या सवयीवर विश्वास ठेवायची त्यांच्या आयुष्यात ती पहिलीच खेप नव्हती, पण फसगत झाली ती पहिल्यांदा.

संध्याकाळी कॅसेट टीव्हीवर लागली. आक्काताई वही घेऊन समोर बसल्या. मीही होतो, कारण मला दाराबाहेर जा असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. सरपंचांवर खूण झाली, पोलीसपाटलांवर झाली. मग कर्णा म्हणाला, "नवरीचे मामा," आणि पडद्यावर आप्पासोंनी मान झुकवली. आक्काताईंची पेन्सिल थांबली. कर्णा म्हणाला, "श्री. आप्पासो हुबाले यांचा सत्कार त्यांचे बंधू करत आहेत," आणि टाळ्यांच्या कडकडाटात पडद्यावर दादासो हुबाल्यांनी माझ्या टकलावर टोपी घातली. मी पडद्यावर हसत होतो.

"आवं," आक्काताई म्हणाल्या, "आप्पासोची टोपी मास्तरनं घातली की वं!"

पुढं माझ्या नावावर मांडववाला आला. प्रत्येकाचा मान एकेक घर पुढं सरकला होता.

उत्तेकरांनी कॅसेट थांबवली. 'हं' सुद्धा निघाला नाही. मला तुच्छ लेखण्याइतकीही ताकद त्यांच्यात उरली नसावी, या विचारानं मी जास्त घाबरलो.

"ह्ये आप्पासोनं बगितलं," शेवटी ते म्हणाले, "तर बाबळ पुन्हा उगवंल."

मी म्हणालो, "मी पुण्याला फोन करून विचारू का?"

"इच्यारा. आन तुमाला पुन्यानं काय सांगितलं ते पुन्यालाच ठिवा."

गुरुवारी सकाळी मी गेलो तेव्हा ते कॉम्प्युटर बंद ठेवून बसले होते. समोर शंभर पानी वही. मधोमध रेघ. डाव्या बाजूला वर लिहिलं होतं 'जुनं ठिकाण', उजव्या बाजूला 'नवं ठिकाण'.

अशी वही त्यांनी कुठं पाहिली होती हे मला आक्काताईंनी सांगितलं. लालासाहेब दहा वर्षांचे असताना पाटणकडचं त्यांचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. सरकारनं माणसं उचलून इकडच्या माळावर आणली, ओळी आखल्या, घरांना नंबर दिले. देवळाच्या मागचा ओळ तीनमध्ये आला, वेशीजवळचा ओळ नऊमध्ये गेला, जावा-जावा दोन टोकांना आणि वैरी शेजारी शेजारी. कोणी कोणाला सापडेना. तेव्हा लालासाहेबांच्या वडिलांनी एक वही केली. अमका, पूर्वी कुठं, आता कुठं. सहा महिने ते ती वही काखेत मारून हिंडले आणि सगळं गाव त्यांनी पुन्हा शोधून दिलं. नव्या वस्तीला त्यांनी जन्मभर नावं ठेवली, पण पत्ता कुणाचा चुकवला नाही. दर मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं, की एसटीनं जाऊन ते आपल्या बुडालेल्या घराच्या जोत्यावर तासभर उभे राहत.

"शिव्या द्यायच्या," उत्तेकर वहीतून मान न काढता म्हणाले, "पर पत्ता लिहून घिऊन द्यायच्या."

मग त्यांनी मशीन सुरू केलं आणि एकेका चित्राला चौकशीला उभं केलं. कात्री आता वस्तारा झाली होती, राहायला डावीकडे खाली. गोंद दिसेनासा झाला होता, कारण नव्या घरात तुकडे आपोआप चिकटत. "लाचार," त्यांनी शेरा मारला. अक्षरांचा पिटारा कात्रीच्या घरात घुसला होता. पुढं लिहिलं, "अतिक्रमण." आणि मग पुसायच्या बटणाशी ते थांबले. एक तुकडा पुसायचे, ओळीकडे बघायचे, परत आणायचे, पुन्हा पुसायचे.

"मास्तर, हिकडं या. बगा. जुनं बटन मानूस काढलं तर त्येची जागा मोकळी ठिवायचं. ह्ये नवं मानूस उठायच्या आत शेजाऱ्याला पुढं वढतंय. मागची समदी लाईन एकेक पाऊल म्होरं. पर वरचीच लाईन. खालची आवाजाची लाईन जाग्यावरच. म्हनून टोप्या हलल्या."

"मग आता सगळे तुकडे पुन्हा जुळवायचे? चार वाजता तर..."

"गप ऱ्हावा. काडताना वढतंय, तर घालताना काय करंल?"

"काय करेल?"

"ढकलंल. ज्येला मागचा-म्होरचा समजत न्हाई त्येला दुसरं काय येतंय?"

त्यांनी मूळ कॅसेट लावली, शोधून शोधून ती माझी पाठ पुन्हा मशीनमध्ये घेतली आणि पोलीसपाटलांच्या मागं नेऊन सोडली. चित्राची ओळ मागं सरकली खरी, पण तिच्याबरोबर आवाजाची ओळही सरकली. उत्तेकरांनी नाकानं शिट्टी वाजवली, केलेलं मागं घेतलं आणि पडद्याच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. आवाजाच्या ओळीपुढं एक इवलंसं कुलूप काढलेलं होतं. जुन्यात असं काही नव्हतं. ते त्यांनी दाबलं. कुलूप लागलं. आता पाठ पुन्हा सोडली. वरची ओळ निमूट एक पाऊल मागं गेली, खालची हलली नाही. कर्णा म्हणाला, "श्री. आप्पासो हुबाले," आणि दादासोंनी आप्पासोंच्या डोक्यावर टोपी घातली. घातली, हातात दिली नाही. टोपी वाकडी बसली म्हणून सरळसुद्धा केली. त्या गडबडीत मांडवात हे कुणी पाहिलंच नव्हतं. बहुधा आप्पासोंनीही नाही.

वहीत 'कुलूप' या नोंदीपुढं उत्तेकरांनी बराच विचार करून लिहिलं, "बरं आहे." मग नव्या व्हर्जनला एवढी शाबासकी जास्त झाली असं वाटून 'बरं' खोडून 'चालंल' केलं.

चार वाजता आप्पासोच्या घरी आम्ही सगळे होतो. दादासो दाराशी, आप्पासो टीव्हीशी, मधे घोंगडी रिकामी. धुळा उभाच होता. कॅसेट लागली. सरपंच, पोलीसपाटील. मग पडदाभर माझी पाठ आली आणि हलेचना.

"आरं ह्यो कोन रेडा मदी?" आप्पासो म्हणाले.

"मास्तर हायती," दादासो दारातूनच म्हणाले.

अकरा वर्षांनी भावानं भावाला दिलेलं हे पहिलं उत्तर. माझ्या पाठीविषयी होतं, पण उत्तर होतं.

पाठ गेली. मामा आले. मग नाव पुकारलं गेलं, नावावर डोकं आलं, डोक्यावर टोपी आली आणि दोन हातांनी ती सरळ केली. आप्पासो पुढं वाकले. "मागं घ्या वं मेजर," ते म्हणाले. उत्तेकरांनी आधी "हवालदार" म्हणून दुरुस्ती केली आणि मग कॅसेट मागं घेतली. आप्पासोंनी ते तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना हात मागं नेऊन त्यांनी घोंगडी थोपटली.

"दारात काय हुबा ऱ्हायलाईस? पावना हाईस का?"

दादासो येऊन बसले. धुळा बाहेर जाऊन उगाच सायकलला हवा भरत बसला. सायकल त्याची नव्हती.

परत येताना रस्त्यात मी आणि उत्तेकर दोघेच. मला राहवेना. अख्ख्या हुबाले भावकीच्या टीव्हीवर आता पिढ्यान् पिढ्या माझी घामट पाठ दिसत राहणार होती.

"मेजर," मी म्हणालो, "आता तुम्हाला नवं व्हर्जन येतं. मग माझी पाठ तशीच का ठेवलीत? तिथं नेहमीसारखं नवरीचं हसू घालता आलं असतं."

"आलं आसतं," उत्तेकर चालता चालता म्हणाले, "पर मास्तर, तुमच्यातलं तेवढंच कामाला आलं."